दोन घ्या, तिसरे सोडा

२००० साली अमेरिकेत टेबलावर ठेवायचा एक रेडिओ विक्रीला आला. लाकडी पेटी, साडेआठ इंचांहून किंचित कमी रुंद, साडेचार इंच उंच. पुढे एकच तीन इंची स्पीकर आणि तीन गोल बटणे. रिमोट नाही, घड्याळ नाही, गजर नाही, स्टेशने लक्षात ठेवायची सोय नाही. इतकेच काय, स्टिरिओही नाही. घरोघर सीडी वाजत होत्या, इंटरनेटवरून गाणी उतरवून घेण्याचे वेड पसरू लागले होते, आणि टिव्होली ऑडिओ नावाची नवी कंपनी सुमारे १०० डॉलरला हा मोनो रेडिओ विकायला निघाली होती. नाव ‘मॉडेल वन’. तो धडाक्यात खपला.

त्यामागे हेन्री क्लॉस होता, हे ठाऊक असणाऱ्यांना याचे नवल वाटले नाही. छोट्या पेटीतून भरदार आवाज काढायचा आणि गर्दीतून नेमके स्टेशन पकडायचे, या एकाच कोड्याकडे तो चाळीस वर्षे पुन्हा पुन्हा वळत आला होता.

कोडे जुने आहे. स्पीकरकडून माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: पेटी लहान, खर्ज खोल आणि कमी विजेत मोठा आवाज. यातल्या कुठल्याही दोन मिळतात, तिसरी सोडावी लागते. आवाजाच्या धंद्यातले लोक याला हॉफमनचा पोलादी नियम म्हणतात. हे अँटन हॉफमन म्हणजे प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. १९५७ साली क्लॉस, माल्कम लो आणि हॉफमन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी कंपनी काढली आणि तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून तिला केएलएच असे नाव दिले.

त्याआधीची तीन वर्षे क्लॉस एडगर व्हिल्चर यांच्याबरोबर होता. क्लॉस एमआयटीचा विद्यार्थी, पण पदवी न घेताच बाहेर पडलेला. शिकता शिकता स्पीकरच्या पेट्या बनवून विकणारा. सैन्यात भरती झाल्यावर तो न्यूयॉर्कमध्ये व्हिल्चर यांच्या ध्वनिशास्त्राच्या तासांना बसू लागला. व्हिल्चर यांची कल्पना अशी होती की स्पीकरची पेटी पूर्ण बंद करायची आणि आत अडकलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम करू द्यायचे. पडद्याला आधार देणारी कडक कड मग लागत नाही, पडदा सैल ठेवता येतो, आणि लहान पेटीतूनही खोल खर्ज निघतो. १९५४ साली दोघांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. तिच्या पहिल्या स्पीकरने तोवरच्या कपाटाएवढ्या पेट्यांची गरज संपवली. मोबदल्यात ॲम्प्लिफायर ताकदीचा लागू लागला. हॉफमनच्या हिशेबात सोडलेली तिसरी गोष्ट ती हीच.

टेबलावरच्या रेडिओत मात्र हा सौदा फायद्याचा ठरतो. ऐकणारा हाताच्या अंतरावर असतो. सभागृह दणाणून सोडायचे नसते. क्लॉसने हे ओळखले.

१९६० साली आलेल्या केएलएचच्या ‘मॉडेल एट’मध्ये रिसीव्हर आणि स्पीकर दोन वेगळ्या पेट्यांत होते. आत व्हॉल्व्ह, बाहेर अक्रोडाचे लाकूड, आणि फक्त एफएम. मीडियम वेव्ह त्याने सरळ गाळून टाकली. किंमत १५९ डॉलर, त्या काळाच्या मानाने जबरी. क्लॉसने ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकमेकांसाठीच बनवले होते. स्पीकर ज्या सुरांत कमी पडतो तिथे ॲम्प्लिफायर जोर लावी, जिथे तो जास्त बोलतो तिथे आवरते घेई. नजरेच्या नंबरला चष्मा जुळवावा, तसे. हाय-फायच्या दुकानांत सुटे सुटे भाग विकत घेऊन जोडणाऱ्या शौकिनांना हे जमणारे नव्हते, कारण त्यांच्याकडे प्रत्येक भाग वेगळ्या कारखान्याचा असे.

फक्त एफएमच का, याचे उत्तर बॉस्टनच्या हवेत होते. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३३ साली पेटंट घेतलेली ही पद्धत वीस वर्षे उपेक्षित राहिली. १९४५ साली सरकारने तिचा पट्टा ४२–५० मेगाहर्ट्झवरून ८८–१०८ वर हलवला आणि आधीचे सगळे रेडिओ एका फटक्यात निकामी झाले. आर्मस्ट्राँग यांनी १९५४ साली आत्महत्या केली. पण पूर्वेकडच्या विद्यापीठांच्या शहरांत एफएमने मूळ धरले होते. बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राने १९५१ साली आपले प्रसारण सुरू केले तेच बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या मैफलीने. असे काही ऐकायला मिळत असेल तर चांगल्या रेडिओला १५९ डॉलर मोजणारे भेटतात. विजेची खरखर एफएमला फारशी बाधत नाही, शिवाय एकाच जागी दोन केंद्रे भिडली तर जोरकस असेल तेच ऐकू येते.

पण शहरात एफएमचे दुखणे निराळे असते. तिथे लहरी दुबळ्या नसतात, नको इतक्या बलवान असतात. चार मैलांवरचा मनोरा रेडिओच्या पहिल्याच टप्प्याला गुदमरवतो आणि त्याचे भूत डायलवर तीन ठिकाणी उमटते. उंच इमारतींवर आपटून आलेली लहर मूळ लहरीत मिसळते आणि गाणे फाटके ऐकू येते. जाहिरातीत ‘लांबची स्टेशने पकडतो’ अशी फुशारकी असते. शेजारचे स्टेशन दूर ठेवतो का, हे कुणी छापत नाही. शहरवाल्याला दुसरा गुण अधिक हवा. क्लॉसच्या रेडिओंची कीर्ती या दुसऱ्या गुणावर उभी राहिली.

१९६५ साली आलेल्या ‘मॉडेल ट्वेंटी-वन’मध्ये व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, दोन पेट्यांची एक झाली आणि किंमत ८० डॉलरच्या आसपास उतरली. तोवर केएलएच सिंगर कंपनीच्या, म्हणजे शिलाई मशीनवाल्या सिंगरच्या, ताब्यात गेली होती. १९६७ साली क्लॉसने ती सोडली आणि ॲडव्हेंट काढली. तिथे त्याचा जीव मोठ्या पडद्याच्या टीव्हीत गुंतला.

मधली वर्षे टेबल रेडिओसाठी कोरडी गेली. १९६१ पासून एफएम स्टिरिओ झाले, चोखंदळ लोक वेगळे ट्यूनर आणि दोन स्पीकर घेऊ लागले, आणि टेबलावर उरला तो गजराचा प्लॅस्टिकचा डबा. लक्षात राहावा असा एकच रेडिओ या काळात झाला आणि तो आला अगदी उलट दिशेने. जनरल इलेक्ट्रिकचा १९७९ चा ‘सुपररेडिओ’ दिसायला बोजड, मूठ लावलेला, मोठ्या सहा सेलवर चालणारा. मीडियम वेव्हसाठी आत लांबलचक फेराइटची कांडी, आणि पुढे एरवी टेबलावर न दिसणारा मोठा स्पीकर. रात्री शेकडो मैलांवरच्या बेसबॉल सामन्याचे वर्णन ऐकणाऱ्यांचा तो लाडका. हॉफमनच्या तीन गोष्टींपैकी जनरल इलेक्ट्रिकने ‘लहान पेटी’ सोडून दिली होती, बस्स. स्वस्तात चांगले ऐकायचे तर हाच मार्ग सर्वांत प्रामाणिक, असे आजही म्हणता येईल.

मग अमर बोस आले. जन्म १९२९, पेनसिल्व्हेनिया. क्लॉसचाही जन्म त्याच वर्षी, त्याच राज्यात. दोघेही एमआयटीत, फक्त बोस तिथे डॉक्टरेट करून प्राध्यापक झाले. वडील ननीगोपाल बोस ब्रिटिशांच्या ससेमिऱ्यातून निसटून १९२० साली अमेरिकेला गेलेले बंगाली क्रांतिकारक. दुसऱ्या महायुद्धात वडिलांचा आयातीचा धंदा बसला, तेव्हा शाळकरी अमरने रेडिओ दुरुस्तीचे काम धरून घराला हातभार लावला.

बोस कंपनीचा ‘वेव्ह रेडिओ’ १९९३ साली आला. बंद पेटीची वाट सोडून बोस यांनी लांब नळीची घडी घालून ती रेडिओच्या पोटात बसवली. स्पीकरच्या मागून निघालेला खर्ज या नळीतून वळसे घेत बाहेर पडतो, ऑर्गनच्या नळीच्या तत्त्वावर. किंमत ३४९ डॉलर. अंगावर गोल बटण एकही नाही, सोबत क्रेडिट कार्डाएवढा रिमोट. दुकानात न ठेवता पानभर जाहिराती देऊन तो टपालाने विकला गेला. हाय-फायवाल्यांनी नाके मुरडली: खर्ज फुगवलेला आहे, पैशांच्या मानाने कमी मिळते. दोन्ही आक्षेपांत तथ्य होते. पण प्लॅस्टिकच्या डब्यावर दोन दशके काढलेल्या लोकांनी स्वयंपाकघरात पहिल्यांदाच डबल बासचा सूर ऐकला, आणि रेडिओवर एवढे पैसे खर्च करण्यात गैर काही नाही हे त्यांना पटले. क्लॉसच्या पुढच्या यशाचे अर्धे श्रेय खरे तर बोस यांना द्यायला हवे.

क्लॉसने १९८८ साली काढलेल्या केंब्रिज साउंडवर्क्सने १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘मॉडेल ८८’ आणला, तो उघड उघड ‘वेव्ह’ला उत्तर म्हणूनच. त्यानंतर जुना सहकारी टॉम डीव्हेस्टोच्या टिव्होलीसाठी ‘मॉडेल वन’. यात बाहेरून जुने दिसणारे बरेच काही आतून नवे होते. शेजारची बलवान स्टेशने दूर ठेवण्यासाठी गॅलियम आर्सेनाइडचा ट्रान्झिस्टर वापरला होता. मोबाइल फोनच्या प्रसाराने तो स्वस्त झाला होता. स्टेशन लावायच्या तबकडीला पाचास एक असे दात होते, त्यामुळे बोटाची जाडी आड येत नसे. स्टेशन बरोबर लागले की छोटा दिवा जास्त उजळे. स्पीकर लहान पण लोहचुंबक दांडगे, आणि पेटीच्या तळाशी हवेला वाट करून दिलेले भोक. म्हणजे बंद पेटीचा हा पुरस्कर्ता शेवटी भोकाकडेही वळला होता. क्लॉस ३१ जानेवारी २००२ रोजी वारला.

नंतर रांगच लागली. तैवानच्या सँजिअनने जवळपास त्याच चेहऱ्याचा लाकडी ‘डब्ल्यूआर-११’ कमी पैशांत दिला. बॉस्टन अकूस्टिक्सने ‘रिसेप्टर’ आणला, त्यात घड्याळ आणि गजरही होते. इंग्लंडमध्ये २००२ साली प्युअरच्या ‘इव्होक-१’ने डिजिटल रेडिओ ९९ पौंडांवर आणला; नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफएम प्रसारणच बंद केले. डिजिटलमध्ये खरखर नसते: लहर पुरेशी असेल तोवर स्वच्छ आवाज, एका मर्यादेखाली आधी बुडबुडे, मग शांतता. एरियल वीतभर सरकवून भागवायची सोय त्यात कमीच.

अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाचीने असा एखादा रेडिओ पुण्या-मुंबईला आणला की काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. एफएमचा पट्टा दोन्हीकडे ८८ ते १०८, तेव्हा वरवर अडचण नाही. (जपानहून आणू नये, तिथला पट्टा ७६ पासून सुरू होतो आणि ९५ ला संपतो.) पहिली अडचण विजेची. अमेरिकन ‘मॉडेल वन’ १२० व्होल्टचा. आपल्या २३० वर सरळ लावला तर जळेल. मागे १२ व्होल्ट डीसीची सोय आहे, ती वापरावी. दुसरी गोष्ट बारीक आहे. अमेरिकेत प्रसारण करताना वरचे सूर आपल्यापेक्षा जास्त चढवून पाठवतात आणि तिथला रेडिओ ते तेवढेच उतरवतो. आपल्याकडे ते कमी चढवलेले असतात, त्यामुळे तोच रेडिओ इथे जरा मंद, झाकलेला वाटतो. ‘मॉडेल वन’ला ट्रेबलचे बटण नाही, म्हणून त्यावर इलाजही नाही.

खरी गंमत आकड्यांवर चालणाऱ्या रेडिओंची. अमेरिकेत मीडियम वेव्हची केंद्रे १० किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत. भारतात आणि आशियाच्या बहुतेक भागात १९७८ पासून ९ च्या. वर्षानुवर्षे मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लागायची ५५८ वर. अमेरिकन डिजिटल रेडिओ ५६० वर थांबणार आणि आवाज किंचित चिरका येणार. पुण्याचे ७९२ त्याला ७९० वर कसेबसे मिळेल. नागपूरचे ५८५ मात्र ५८० आणि ५९० यांच्या बरोबर मध्ये पडते, म्हणजे दोन्हीकडून सारखेच वाईट. एफएमवरही तिकडची केंद्रे दशांशाच्या विषम आकड्यांवरच असतात. पुण्याचे १०१.० म्हणून त्याला एकतर १००.९ वर ऐकावे लागते, नाहीतर १०१.१ वर. काट्याच्या रेडिओला यातले काहीच ठाऊक नसते. क्लॉसची तबकडी ५५८ वर जाऊन उभी राहते, कारण तिच्यात पायऱ्याच नाहीत.

आकडेवालाच रेडिओ घ्यायचा असेल तर सोबतच्या पुस्तिकेत ९ आणि १० किलोहर्ट्झमध्ये बदल करायची सोय दिली आहे का, हे आधी पाहावे. अनेक परदेशी रेडिओंमध्ये ती असते: कधी मागच्या बाजूला छोटा खटका, कधी एखादे बटण दाबून धरायची युक्ती.