नाडी, मज्जातंतू आणि हृदयाचे नियमन

मराठीत 'नाडी' म्हणजे बोटांना जाणवणारा धमनीचा स्पंद. योगशास्त्रात तोच शब्द प्राणवाहिनीचा वाचक आहे. या दोन अर्थांच्या संकरामुळे, हृदय मज्जातंतूंच्या आज्ञेने चालते, असा समज सहज रूढ होतो. शरीरक्रियाविज्ञान मात्र निराळे सांगते.

हृदयाचे स्पंदन त्याच्या उजव्या अलिंदातील विशिष्ट ऊतकात आपोआप उत्पन्न होते. शरीरापासून वेगळे केलेले बेडकाचे हृदयही योग्य द्रवात काही काळ धडधडत राहते. मज्जातंतू ही गती निर्माण करीत नाहीत, तर तिला आवर घालतात किंवा चालना देतात. मेंदूतून निघणाऱ्या दहाव्या मज्जातंतूच्या उद्दीपनाने हृदय मंदावते व प्रसंगी थांबते, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखविले. हा परिणाम एका रासायनिक द्रव्याद्वारे घडतो, हे ऑटो लोव्ही यांच्या १९२१ मधील प्रयोगाने स्पष्ट झाले. याउलट अनुकंपी मज्जातंतू हृदयाची गती वाढवितात व सूक्ष्म धमन्या आकुंचित करतात. येथील 'अनुकंपा' दयावाचक नव्हे. एका अवयवाबरोबर दुसऱ्यानेही प्रभावित व्हावे, ही जुनी कल्पना त्या संज्ञेच्या मुळाशी आहे.

ताडकळसच्या शिवारात मान खाली घालून पाणी पिणाऱ्या बैलाचे उदाहरण घ्यावे. मान खाली असताना डोक्याकडील धमन्यांतील दाब वाढतो. ती उचलताच तो घटतो. तरीही बैलाला भोवळ येत नाही. मानेतील मोठ्या धमनीच्या व महाधमनीच्या भित्तींत ताण ओळखणारे मज्जातंतूंचे अग्र असतात. दाब घटला की त्यांचे संदेश विरळ होतात. मग मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र दहाव्या मज्जातंतूचा आवर सैल करते व अनुकंपी चालना वाढविते. दाब वाढल्यास याच्या उलट घडते. हे सारे काही क्षणांत होते.

या विवेचनाला व्यावहारिक महत्त्व आहे. विश्रांत प्रौढ गाईबैलांची नाडी मिनिटास साधारणतः ५० ते ८० असते; ती शेपटीच्या मुळाशी, खालच्या अंगास पाहतात. अनोळखी माणसाने धरलेल्या, बिथरलेल्या जनावराची नाडी निरोगी असूनही भराभर चालते. अशा वेळी त्यास स्वस्थ होऊ देऊन ती पुन्हा मोजणे इष्ट. अन्यथा भीतीची गणना रोगात होईल. तात्पर्य, नाडीचा आकडा केवळ हृदयाची स्थिती सांगत नाही. आवर आणि चालना यांचा त्या क्षणीचा तोल सांगतो.