जीभ अडखळते तिथं

शटर अर्ध्यावर येतं, गाइडांचे आणि वह्यांचे गठ्ठे भिंतीशी सरकतात आणि मधल्या जागेत सतरंजी पडते. हिंगोलीतल्या पुस्तकांच्या दुकानात लिहिणाऱ्यांची बैठक भरते ती अशी. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक, रुग्णालयात परिचारिका असलेल्या एक ताई, निवृत्त तलाठीकाका, कॉलेजातली पोरं-पोरी, वसमतकडचा एक हळदवाला शेतकरी. माईक नाही, हारतुरे नाहीत. एकानं आपलं लिखाण मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं.

नियम थोडे, पण कडक. लिखाणाची प्रत कुणाला द्यायची नाही, कारण हातात कागद आला की माणूस ऐकायचं सोडून ऱ्हस्वदीर्घ तपासायला लागतो. आधी प्रस्तावना करायची नाही. ‘ही कविता मला सुचली तेव्हा...’ असं कुणी सुरू केलं की तलाठीकाका म्हणतात, ‘वाचा सर, वाचा.’ वाचून झालं की लेखकानं गप्प बसायचं. ऐकणाऱ्यांनी कुठं लक्ष लागलं, कुठं सुटलं, ते सांगायचं. लेखकाला सगळ्यात जड जातं ते हे गप्प बसणं.

ताईंनी रात्रपाळीवरची कथा वाचली. वॉर्डात सासू सुनेला विचारते, ‘तू काय करत आहेस?’ तिथं ताई अडखळल्या. परत वाचलं, परत तिथंच अडल्या. कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांनीच पेन घेतलं आणि केलं, ‘काय करायलीस गं?’ पुढचं पान एका दमात गेलं. शाळेत शिकलेली मराठी हातातून सहज उतरते आणि डोळ्यांना ती खटकतही नाही. पण कळमनुरी-सेनगावकडची सासू तसं बोलत नाही, हे जिभेला आधी कळतं.

कॉलेजातल्या एका मुलाच्या कथेत बाप दिवाळीला हळद विकून सावकाराचं देणं फेडत होता. वाचन संपलं, दोघातिघांनी भाषेचं कौतुक केलं. मग शेतकरी हळूच बोलला, ‘भाऊ, दिवाळीला हळद कुठं निघायली? जूनमधी लावली तर फेब्रुवारी-मार्चात काढणी. मग शिजवायची, उन्हात वाळवायची, ढोलात पॉलिश करायची, तेव्हा कुठं बाजार.’ मुलाचा चेहरा उतरला. पण त्यानं वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या बैठकीला कथा बदलून आणली. आता दिवाळीला सावकार दारात आहे आणि बापाकडं दाखवायला फक्त उभी हळद. पैसा यायला अजून चार-पाच महिने. कथेला ताण मिळाला तो इथून. लेखणीनं चुकवलेलं पिकाचं वेळापत्रक शेजारी बसलेल्या माणसाच्या कानानं पकडलं. छापून आल्यावर हे कुणी सांगितलं असतं?

या मातीत असं ऐकणं नवं नाही. संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी याच जिल्ह्यात. तेरला गोरोबाकाकांकडं संत जमले, काकांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा घरोघर ठाऊक आहे. पुढं नामदेव विसोबा खेचरांकडं गेले. भाविकांच्या सांगण्यात ती भेट औंढा नागनाथच्या देवळात झाली. मला या कथेत मोठेपणा दिसतो तो मंडळीतल्या मोकळेपणाचा. देवाच्या लाडक्यालाही ‘अजून भाजायचं राहिलंय’ असं तोंडावर सांगणारी ती मंडळी होती. ज्ञानेश्वरीही नेवाशाला श्रोत्यांसमोर सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ज्ञानेश्वर श्रोत्यांकडं अवधान मागतात.

मराठवाड्याला दुसरीही सवय आहे, दाद देण्याची. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, शिक्षण उर्दूतून होतं, आणि मुशायऱ्याची गोडी मागच्या पिढ्यांना होती. कविसंमेलनाचं वेडही इथं मोठं. वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव आपली कविता गावोगाव मंचावरून म्हणत आले आहेत. मंचावर दाद हवीच, तिच्याशिवाय कवी उभा राहणार कसा? पण दुकानातल्या सतरंजीवर कवितेचं काम अजून चालू असतं. तिथं घाईनं आलेली ‘वा!’ कच्च्या ओळीला पक्की ठरवून मोकळी होते. म्हणून इथं कवितेच्या मधे कुणी दाद देत नाही. नव्या माणसाला हे कोरडं वाटतं. मला तो कवीचा मान वाटतो.

अलीकडं एक चांगली रीत पडली आहे. लेखकानं एकदा वाचलं की तेच लिखाण दुसऱ्यानं वाचायचं. पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीनं आईवरची कविता वाचली. भरभर, पण सुरात, त्यामुळं सगळंच बरं वाटलं. मग तीच कविता तलाठीकाकांनी सातबारा वाचावा तशी सपाट आवाजात वाचली. शेवटच्या दोन ओळींत आईचं थोरपण सांगितलेलं होतं, ते उघडं पडलं. आधीच्या ओळीत आई पहाटे मोटार चालू करायला अंधारात शेतात गेली होती, आणि कविता तिथंच पुरी झाली होती.

मुलगी बराच वेळ कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘काका, त्या दोन ओळी सोडून परत वाचता का?’ काकांनी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.