धुराडी गेली, काच आली

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाताना बिद्री गाव येण्याच्या पुष्कळ आधी तिथल्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचे धुराडे नजरेस पडते. परंतु हे धुराडे उभे राहण्याच्या कितीतरी आधीपासून या बाजूच्या माणसांना, विशेषतः भुदरगड, आजरा, गडहिंग्लज, चंदगड या डोंगराळ मुलखातल्या कुटुंबांना, धुराड्यांची ओळख होती, आणि ती धुराडी मुंबईच्या कापड गिरण्यांची होती. जमीन थोडी, तीही पावसाच्या मर्जीवरची, आणि वाटण्या होता होता तुकड्यांवर आलेली. अशा स्थितीत घरटी एक तरी पुरुष परळ, लालबाग, काळाचौकी, डिलाईल रोड यांपैकी कुठेतरी असावयाचा, गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जणांत एक वळकटी टाकून राहावयाचा, कुणा मावशीच्या खानावळीत महिन्याचे जेवण लावावयाचा आणि महिनाअखेरीस मनीऑर्डर पाठवावयाचा. त्यामुळे मुंबईच्या आकाशात काय उभे राहिले आणि काय कोसळले, याविषयी बिद्रीच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्याने मत बाळगावे, यात मला अधिकाराचे उल्लंघन दिसत नाही. त्या आकाशाखाली त्याची उमेदीची वर्षे गेली आहेत.

गेल्या चार दशकांत त्या आकाशाचा जो पालट झाला, त्याचा आरंभ साधारणपणे 18 जानेवारी 1982 या दिवसापासून धरतात. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्या दिवशी संपावर गेले आणि हा संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो संपला नाही, विरला. काहींना पुन्हा कामावर घेतले, पुष्कळांना घेतले नाही. गिरण्या काही काळ रडतखडत चालल्या आणि एकेक करून बंद पडल्या. संपाच्या पहिल्याच वर्षी आमच्या बाजूच्या गावांतून मुंबईकरांची परत आलेली गर्दी ज्यांनी पाहिली, त्यांना शहराच्या इतिहासातले हे प्रकरण पुस्तकातून शिकावे लागत नाही. जो माणूस साचेखात्यात दोन-दोन साचे सांभाळीत होता, तो भावकीच्या बांधावर वैरण कापू लागला, आणि भावाच्या संसारात आपण अधिकचे झालो आहोत हे त्याला कुणी न सांगता कळू लागले.

यंत्रे थंडावली तरी यंत्रांखालची जमीन थंडावली नव्हती. गिरण्यांच्या ताब्यात मुंबईच्या ऐन मध्यावर सुमारे 600 एकर जमीन होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने अशी तजवीज केली होती की, गिरणीची जमीन विकसित करावयाची झाल्यास तिचे ढोबळमानाने तीन हिस्से व्हावेत : एक महापालिकेकडे मैदाने-उद्यानांसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी आणि उरलेला मालकाकडे. 1996 साली नेमलेल्या चार्ल्स कोरिया समितीने या जमिनींचा तुटक तुटक विचार न करता एकत्रित आराखडा करावा, असे सुचविले. तो अहवाल दप्तरी दाखल झाला, हे सांगावयास नकोच. पुढे 2001 साली नियमात असा फेरफार झाला की, वाटणी संपूर्ण जमिनीची न होता, इमारतींखाली नसलेल्या मोकळ्या जागेचीच व्हावी. गिरणी म्हणजे बहुतांशी इमला. तेव्हा मोकळी जागा ती किती असणार! पर्यावरणवाद्यांनी मामला न्यायालयात नेला. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. एका लहानशा दुरुस्तीने किती मैदाने आणि किती घरे कागदावरून उडाली, याचा हिशेब मांडणारी माणसे अजूनही परळात भेटतात आणि त्यांच्या हिशेबात भावनेचा अंश असला तरी बेरीज चुकीची नसते.

त्याच सुमारास, 2005 साली, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या काही गिरण्या लिलावात काढल्या. मुंबई टेक्स्टाईल मिल 702 कोटींना आणि दादरची कोहिनूर क्रमांक 3 ही 421 कोटींना गेली. ज्याने आयुष्यात पगाराखेरीज दुसरी रक्कम मोजली नाही, त्याच्या कानी हे आकडे पडले तेव्हा संतापापेक्षा विस्मयच अधिक वाटला असावा. आपण उभे राहून राबलो ती फरशी एवढ्या मोलाची होती, हे आपणांस कुणी सांगितले कसे नाही, असा तो विस्मय.

मग काच आली. ज्युपिटर मिलच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, कोहिनूरच्या जागी शिवसेना भवनासमोर कोहिनूर स्क्वेअर उठला, आणि लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या आवारात वर्ल्ड वन नावाचा निवासी मनोरा चढू लागला. हा शेवटचा मनोरा मुळात 442 मीटरचा व्हावयाचा होता. विमानतळ प्राधिकरणाची अनुमती न मिळाल्याने तो 280 मीटरांवर थांबला. थांबला तरी केवढा! शेजारच्या चाळीच्या सज्जातून त्याचे टोक पाहावयाचे तर कठड्याबाहेर झुकून मान मागे टाकावी लागते. फिनिक्स मिलमध्ये बाजार थाटला गेला आणि तिथले जुने धुराडे मात्र शोभेकरिता राखले गेले. या राखण्याविषयी लोकांत दोन तट आहेत. कुणास ते स्मारक वाटते, कुणास थट्टा. मला विचाराल तर, जे धुराडे धूर सोडीत नाही त्याला निदान पाडले नाही एवढ्यावर समाधान मानण्याइतका मी वृद्ध झालो आहे.

या काचेच्या मनोऱ्यांविषयी भोवतालच्या रहिवाशांना नेमके काय वाटते, हा प्रश्न बाहेरचे लोक विचारतात तेव्हा त्यांना एकेरी उत्तराची अपेक्षा असते : एक तर पोटतिडकीचा द्वेष, नाहीतर प्रगतीचा अभिमान. प्रत्यक्षात एकाच खोलीत, एकाच जेवणावळीत, एकाच तोंडून दोन्ही निघतात. सकाळी पाण्याचा नळ करंगळीएवढा येऊ लागला की टॉवरवाल्यांना शिव्या पडतात. संध्याकाळी गावाहून पाहुणा आला की त्याला तोच टॉवर दाखवावयास नेले जाते, आणि त्यात किती मजले, एका घराची किंमत किती कोटी, हे सांगताना सांगणाऱ्याचा स्वर असा असतो की ऐकणाऱ्यास तो त्यातील हिस्सेदार वाटावा. थोरल्या पिढीला गिरणी आठवते. धाकट्या पिढीतील कुणी तिथल्या कचेरीत संगणकावर बसतो, कुणी फाटकावर गणवेश घालून पहारा करतो, कुणी वरच्या मजल्यांवर धुणीभांडी करते. सुनेच्या मिळकतीवर घर चालत असता सासऱ्याने मनोऱ्यास बोल लावावा आणि सुनेने मुकाट्याने भाकरी वाढावी, हा प्रसंग काही विरळा नव्हे.

शिवाय चाळकऱ्याच्या मनात एक गुप्त त्रैराशिक सतत चालू असते. पागडीची ती एकखणी खोली, जिच्या भाडेपावतीवर आजोबांचे नाव आहे, तिचाही भाव शेजारच्या काचेमुळे वाढला आहे. आज ना उद्या बिल्डर येईल, संमतीपत्रे गोळा होतील, आणि मोबदल्यात संडास-मोरी आत असलेली जागा मिळेल, ही आशा ज्याच्या मनात आहे त्याने मनोऱ्यांच्या विरोधातील सभेस जावे आणि परत येताना पुनर्विकासाची चौकशीही करावी, यास दांभिकपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. साठ वर्षे रांगेत उभे राहून प्रातर्विधी उरकलेल्या माणसास चाळीतील सामुदायिक जीवनाचे माहात्म्य सांगणे सोपे असते. सांगणारा बहुधा तिथे राहात नसतो.

गिरणीचेही गोडवे फार गाऊ नयेत. सूत कातणाऱ्या त्रासनखात्यातील कापसाची किटाळ छातीत घेऊन खोकत गावी परतलेली माणसे आमच्याकडे पुष्कळ होती. बदलीवाल्याने दर सकाळी फाटकाशी उभे राहून आज काम मिळते की नाही याची वाट पाहावी, ही रीतही काही भूषणास्पद नव्हती. धुराडे देखणे होते असे कुणी म्हणत असेल तर त्याने त्याची काजळी वाळत घातलेल्या धोतरावर पाहिलेली नाही. गिरण्या मालकांच्याच होत्या. असे असता धुराड्याविषयी ममता आणि काचेविषयी परकेपणा, हा भेद कोठून आला?

मला याचे उत्तर बिद्रीत बसून अधिक स्पष्ट दिसते. इथल्याही धुराड्यातून हंगामात काजळी पडते, उसाच्या गाड्यांनी रस्ता अडतो, तोडीच्या पाळीवरून भांडणे होतात, आणि कारखान्याच्या निवडणुकीत सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध उभे ठाकतात. कारखान्याच्या कारभारावर तोंडसुख घेणाऱ्यांची या पंचक्रोशीत वाण कधी पडली नाही. परंतु जो तोंडसुख घेतो त्याच्या पेटीत शेअरचा दाखला असतो; वार्षिक सभेत उठून त्याला प्रश्न विचारता येतो, भले त्याचा आवाज गोंधळात बुडो. गिरणीत दाखला नव्हता, पण पाळी होती. भोंगा वाजला की फाटक उघडे व्हावयाचे आणि आत जाण्यास कायम कामगाराला कुणाची परवानगी लागत नसे. काचेच्या इमारतीत शिरताना त्याच जागी पंचवीस वर्षे काम केलेल्या माणसाला वहीत नाव लिहावे लागते, कुणाकडे आलात ते सांगावे लागते, आणि सांगण्याजोगे नाव त्याच्यापाशी नसते. उंचीचे लोकांस वावडे नाही. देवळाचे शिखर काय, बुरूज काय, उंच बांधण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. सल आहे तो संबंध तुटल्याचा.

काचेविषयी एक गोष्ट जाता जाता. थंड देशांत उन्हाला आत बोलावण्यासाठी जी रचना उपयोगी पडते, ती मुंबईच्या उन्हात उभी करावयाची आणि मग आत आलेले ऊन बाहेर हाकलण्यासाठी अहोरात्र यंत्रे चालवावयाची, या व्यवहारास विद्वान मंडळी काय म्हणतात ते म्हणोत. चाळीचा लांब सज्जा हवा खेळवीत असे आणि त्याचे वीजबिल येत नसे.

या सर्व पालटात अगदी अलीकडे एक नवेच वळण आले आहे. 1920 च्या दशकात सरकारी विकास खात्याने बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतील 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या मोबदल्यात 500 चौरस फुटांची घरे देण्याची योजना आखली गेली आणि वरळीत 2025 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 कुटुंबांना उंच इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्यांनी आजवर मनोऱ्यांकडे खालून पाहिले ते आता वरून पाहू लागले आहेत. त्यांच्या आनंदात खोट काढण्याचे मला कारण दिसत नाही. मात्र उद्वाहकाचा, पाण्याच्या पंपांचा आणि देखभालीचा दरमहाचा खर्च निवृत्त माणसाच्या मिळकतीत बसणार कसा, ही चिंता त्या आनंदाच्या पाठोपाठच बोलून दाखविली जाते.

आणि जे चाळीतही उरले नाहीत, जे 1982 नंतर गावी परतले, त्यांचे काय? म्हाडाने 2012 च्या जूनमध्ये गिरणी कामगारांसाठी 6,925 घरांची सोडत काढली. पुढे पनवेलजवळच्या कोन येथील घरांचीही निघाली. अर्जदार मात्र दीड लाखांच्या घरात. अलीकडे शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याचा प्रस्ताव सरकारने पुढे केला, तेव्हा कामगार संघटनांनी त्याला विरोध करून मुंबईतच घरे मागितली आणि 2025 च्या जुलैमध्ये आझाद मैदानावर मोर्चा नेला. आमच्या बाजूचे वारस कामगाराचे तिकीट, विमा योजनेचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची जुनी पावती असले कागद पेटीतून काढून त्यांच्या नकला जोडीत असतात. पुष्कळ ठिकाणी मूळ अर्जदार हयात नाही, आणि मग मृत्यूचा दाखला व वारसाचे प्रतिज्ञापत्र अशी आणखी दोन कलमे वाढतात. वांगणीचे नाव निघाले की मंडळींत हमखास कुणीतरी म्हणते, एवढ्या लांब जाऊन राहावयाचे तर बिद्री काय वाईट आहे! सगळे हसतात, आणि हसून झाल्यावर अर्जावर सही करतात.