डब्यातला लिंबूभात

चाकण एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या पोरांच्या डब्यात आमटी-भात द्यायचाच नाही, असं मेदनकरवाडीतल्या मेसवाल्या मावशींनी ठरवून टाकलंय. मोटारसायकलला अडकवलेल्या पिशवीत आमटी सांडते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोऱ्या भाताचा गोळा होतो. म्हणून चपाती-भाजीच्या जोडीला, वरच्या कप्प्यात, लिंबूभात.

तांदूळ कोलम. तळेगावच्या पलीकडे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहराच्या संकरातून इंद्रायणी तयार झाली, 1987 साली ती शेतकऱ्यांच्या हाती आली आणि मावळ-खेडच्या घराघरांत तोच भात शिजतो. मीही तोच खाऊन वाढले. पण इंद्रायणी चिकट. ती वरणाबरोबर खावी. लिंबूभाताला शीत न् शीत सुटं लागतं. वाटीभर कोलम धुऊन निथळायचा, पावणेदोन वाट्या पाणी आणि चमचाभर तेल घालून शिजवायचा, आणि लगेच परातीत पातळ पसरायचा.

रात्रीचा उरलेला भात मावशी यासाठी वापरत नाहीत, आणि ते अगदी बरोबर आहे. भात शिजला तरी काही जिवाणूंचे बीजाणू टिकून राहतात; तो तासन्‌तास उबेला राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. लिंबू पिळलं म्हणून शिळा भात ताजा होत नाही. परातीत पसरलेला भात लवकर निवतो, मोकळाही होतो.

फोडणी साधी: मोहरी, हरभरा डाळ, शेंगदाणे, हिरवी मिरची, हिंग, हळद. कढीपत्ता फडक्यावर कोरडा केलेला. त्याचा वास तेलातच उतरतो. कोथिंबिरीचे कोवळे देठ बारीक चिरून, गॅस बंद केल्यावर त्याच तेलात टाकायचे. देठ फेकून देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, निम्मी चव तिथे असते. पानं मात्र अगदी शेवटी, कारण आचेवर त्यांचा वास उडून जातो.

मावशींच्या हाताकडे मी बघत राहिले ते लिंबू पिळताना. कागदी लिंबू आधी ओट्यावर तळव्याखाली रगडलं. मग भातावर न पिळता वाटीत पिळलं, बोटांच्या फटीत बिया अडकवून, कारण बी चिरडली तर कडवटपणा उतरतो. त्या रसातच मीठ आणि चिमूटभर साखर विरघळवली. कोरडं मीठ भातावर भुरभुरलं तर एक घास खारट आणि दुसरा अळणी लागतो. रसातून गेलं की शिताशिताला लागतं. फोडणी भातात मिसळून झाली, परात हाताला कोमट लागली, तेव्हा कुठे रस ओतला. वाफाळत्या भातावर ओतला असता तर लिंबाचा वास वाफेबरोबर निघून गेला असता. आंबट लागताच हळदीचा पिवळा रंग लखलखीत होतो. उलथनं कडेकडेने, खालून वर. दाबायचं नाही.

उन्हाळ्यात लिंबं महागतात. काही ठिकाणी लिंबूफूल घालून वेळ मारून नेतात. आंबटपणा येतो, पण वास कुठून आणणार? मावशी तेव्हा लिंबूभात बंद करतात आणि कैरी किसून त्याच फोडणीत परततात. कैरी नीट परतायची, नाहीतर तिचं पाणी सुटून दुपारपर्यंत भात ओला होतो.