फोनची साखळी आणि बॅटरीचा हिशेब

२६ जुलै २००५. सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उपनगरांत वीज गेली, मोबाइल सेवा कोलमडली. हजारो माणसे रात्रभर ऑफिसांत, शाळांत, लोकलमध्ये अडकली. फोन हातात असूनही ‘सुखरूप आहे’ एवढे घरी कळवता येईना.

टॉवर बंद पडला तर फोनला थेट फोनशी बोलता येईल का? तत्त्वतः येते. जवळजवळचे फोन संदेश हातोहात पुढे सरकवतात. अशा जाळ्याला ‘अॅड हॉक नेटवर्क’ म्हणतात. हृदयाची रक्तवाहिनी हळूहळू तुंबत गेली, की आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावून रक्त पोहोचवू लागतात; तसाच हा आडवाटेचा पुरवठा.

यात खरी मेख आहे ती बॅटरीची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की लहरी पाठवायला चौपट शक्ती लागते. म्हणून एका लांब उडीपेक्षा मध्ये एक फोन घेऊन दोन छोट्या उड्या स्वस्त पडतात. पण टप्पे फार वाढवूनही चालत नाही. संदेश ऐकण्यातही प्रत्येक फोनची ऊर्जा जातेच. शिवाय माणसे चालती असतात, वाटा तुटतात. २००३मध्ये प्रसिद्ध झालेली ‘एओडीव्ही’ पद्धत म्हणूनच गरज पडेल तेव्हाच वाट शोधते.

तरी एक दोष उरतो. सर्वांत जवळची वाट वारंवार एकाच मोक्याच्या फोनमधून जाते. वॉर्डातली सगळी कामे एकाच नर्सवर टाकावीत, तसा तो आधी दमतो. तो बंद पडला, की जाळे दुभंगते. म्हणून संशोधकांनी वाट निवडताना अंतराबरोबर उरलेले चार्जिंगही मोजायला सुरुवात केली. वाट थोडी लांबते, पण जाळे जास्त वेळ जगते.

आजच्या फोनमध्ये ही सोय सरसकट नाही. पण ऊर्जेचा नियम तोच. सिग्नल क्षीण असला, की फोन जास्त शक्तीने लहरी सोडतो आणि बॅटरी भराभर उतरते. तेव्हा मुसळधार पावसात अडकल्यास पुन्हा पुन्हा कॉल लावू नयेत. छोटा एसएमएस पाठवावा, स्क्रीनचा उजेड कमी करावा, मधल्या वेळात फोन ‘एअरप्लेन मोड’वर ठेवावा. उरलेले दहा टक्के चार्जिंग रुग्णवाहिका बोलावण्यासाठी लागू शकते.