फुगा, जाळी आणि औषध: स्टेंटच्या डिझाइनमधून धंद्याचा धडा

प्रॉडक्ट डिझाइनवरच्या व्हिडिओमध्ये मी स्टेंटचं उदाहरण दिलं होतं. तिथे वेळ कमी पडला, म्हणून इथे नीट सांगतो.

तुम्हाला माहीतच आहे, माझं हार्डवेअर आणि प्लंबिंगचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी ठरली. डॉक्टर कागदावर चित्र काढून समजावत होते, आणि मी पटकन बोलून गेलो, "म्हणजे पाइप चोकअप झालाय." डॉक्टर हसले. म्हणाले, "तुमचा पाइप जिवंत नसतो. रक्तवाहिनी जिवंत असते. तिला काही केलं की ती उत्तर देते." हे एक वाक्य लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

पहिला प्रश्न: फुगा कशाचा?

आंद्रेआस ग्रुंटझिग हा झुरिकमधला डॉक्टर. घरातल्या किचन टेबलावर बसून तो फुग्याचे कॅथेटर बनवायचा. कल्पना सोपी होती. बारीक नळी आत सरकवायची आणि अडथळ्याजवळ फुगा फुगवून वाट मोकळी करायची. पण साधा रबरी फुगा चालत नाही. अडथळा जिथे कडक असतो, तिथे तो दबतो आणि दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत फुगतो. म्हणजे नको तिथे जोर, हवा तिथे नाही. ग्रुंटझिगने पीव्हीसीचा फुगा घेतला. तो ठरलेल्या मापापर्यंतच फुगतो, त्यापुढे जोर अडथळ्यावर पडतो. 16 सप्टेंबर 1977 ला त्याने हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिली अँजिओप्लास्टी केली. रुग्ण 38 वर्षांचा होता.

आजचे फुगे नायलॉनसारख्या प्लास्टिकचे असतात. त्यात हवा भरत नाहीत, एक्स-रेमध्ये दिसणारं द्रावण भरतात. कारण फुगा फुटला तर हवा रक्तात जाऊन जिवावर बेतू शकतं. दाब बऱ्याचदा 10 ते 16 अ‍ॅटमॉस्फिअर असतो. कारच्या टायरमध्ये साधारण दोनच असतो, यावरून अंदाज घ्या. आणि फुग्याचा व्यास? बहुतेक वेळा अडीच ते चार मिलिमीटर.

दुसरा प्रश्न: वाट पुन्हा बंद झाली तर?

इथे जिवंत नळीने उत्तर दिलं. फुगा काढला की भिंत थोडी परत आकसते. शिवाय जखम भरताना पेशी वाढतात. नुसत्या फुग्याने साधारण तीनातल्या एका रुग्णाची वाट काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची.

1978 मध्ये न्यू ऑर्लिन्सला ग्रुंटझिगचं भाषण ऐकताना हुलिओ पाल्माझ या अर्जेंटिनाच्या डॉक्टरला वाटलं, आत आधार ठेवून दिला तर? आधी तो तारा विणून बघत होता, पण तारा एकमेकींवरून जातात तिथे अडचण यायची. मग गॅरेजमध्ये त्याला गवंड्याची जाळी दिसली, प्लास्टर धरून ठेवायला लावतात ती. एकाच पत्र्याला चिरा देऊन ताणलेली, कुठेही जोड नाही. स्टेंटची कल्पना तिथून आली.

पैसा कुठून आला? फिल रोमानो नावाच्या रेस्टॉरंटवाल्याकडून, अडीच लाख डॉलर! पुढे जॉन्सन अँड जॉन्सनने लायसन्स घेतलं आणि 1994 मध्ये हृदयासाठी अमेरिकेची मंजुरी मिळाली.

पण एक अडचण होती. जाळी भक्कम, म्हणून वाकेना, आणि हृदयाच्या नळ्या तर वळणावळणाच्या. रिचर्ड शॅट्झ या डॉक्टरने उपाय काढला. दोन छोटे तुकडे करायचे आणि मध्ये एक मिलिमीटरचा पूल ठेवायचा. नवीन मटेरियल नाही, काही नाही. फक्त कुठे कडक आणि कुठे लवचिक, हे ठरवलं. स्टेंटचं डिझाइन आजही याच ओढाताणीत चालतं. भिंत धरून ठेवायची ताकदही हवी आणि वळणातून जायची लवचिकताही हवी. पुढे स्टीलऐवजी कोबाल्ट-क्रोमियम आलं. ते जास्त भक्कम असल्याने जाळीच्या काड्या 140 मायक्रॉनवरून 80 च्या आसपास आणता आल्या.

तिसरा प्रश्न: औषधाचा लेप

नळीने परत उत्तर दिलं. आता जाळीच्या आतच पेशी वाढू लागल्या. म्हणून वाढ रोखणाऱ्या औषधाचा लेप आला. असा पहिला स्टेंट अमेरिकेत 2003 मध्ये मंजूर झाला. पुन्हा अरुंद होणं खूप कमी झालं. पण औषध वाढ रोखतं, म्हणजे धातूवर नैसर्गिक अस्तर यायलाही वेळ लागतो. तोपर्यंत उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून गोळ्या.

हे मला कळलं ते घाबरून. चौथ्या महिन्यात बाबा म्हणाले, "आता बरं वाटतंय, दोन दिवस गोळी घेतली नाही." मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता सुरू करा. आम्हाला विचारल्याशिवाय कधीही बंद करायची नाही." नशिबाने काही झालं नाही. पण त्या दिवशी समजलं की स्टेंट म्हणजे नुसती जाळी नाही. गोळी हाही त्याच डिझाइनचा भाग आहे, आणि ते रुग्णाला समजावून सांगणं हाही.

आपण काय घ्यायचं?

एक, तुमचं गिऱ्हाईक पाइप नाही, जिवंत आहे. प्रत्येक उपायाला ते उत्तर देणार. पहिला माल विकला की काम संपलं असं समजू नका, सहा महिन्यांनी काय होतंय ते बघा.

दोन, उपाय दुसऱ्याच धंद्यात पडलेला असू शकतो. गवंड्याची जाळी आठवा.

तीन, किंमत. 2017 च्या फेब्रुवारीत सरकारने आपल्याकडे स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली: साध्यासाठी 7,260 रुपये, औषधवाल्यासाठी 29,600, कर वेगळा. तुमचा माल गरजेचा असेल, तर किंमत फक्त तुम्हीच ठरवाल असं धरून चालू नका.

आजचं होमवर्क: वहीत तुमच्या मालाचं नाव लिहा. खाली लिहा, "हा वापरल्यावर गिऱ्हाइकाला कोणती नवीन अडचण येते?" उत्तर सुचत नसेल, तर एका जुन्या गिऱ्हाइकाला आजच फोन करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!