कुंडीतली कंदफुले आणि घराचे आरोग्य

आपल्या बहुतेक घरांत भिंतीवर तथागत बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते. खाली एक फळी, फळीवर मेणबत्ती, अगरबत्ती आणि दोन फुले. पौर्णिमेला, 14 एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाजारात फुलांचे भाव चढतात. मग घरच्या घरी एखादी कुंडी असावी असे अनेक भगिनींना वाटते. खोली दहा बाय बाराची, अंगण नाही, गॅलरी असली तर हातभर. अशा घराला कंदाची फुले सोयीची पडतात. त्यांना जागा थोडी लागते, एकदा आणलेला कंद वर्षानुवर्षे वाढतो, आणि दोन दिवस गावी गेलो तरी तो मरत नाही.

पण हे आरोग्याचे पान आहे. कुंडी घरात येते तेव्हा तिच्याबरोबर दोन धोके येऊ शकतात. एक म्हणजे बशीत साचलेले पाणी, त्यातून डेंग्यूचा डास. दुसरा म्हणजे कांद्यासारखा दिसणारा पण कांदा नसलेला कंद, त्यातून विषबाधा. दोन्ही धोके पूर्णपणे टाळता येतात, आणि त्याला खर्च काहीच नाही. म्हणून फुले कशी वाढवायची आणि घर कसे सांभाळायचे, हे दोन्ही एकत्रच समजून घेऊ.

कंद म्हणजे झाडाची शिदोरी

कांदा उभा कापला की एकावर एक पापुद्रे दिसतात. झाडाने पानांच्या साहाय्याने तयार केलेले अन्न तिथे भरून ठेवलेले असते. फुलांच्या कंदाचेही तसेच. ही शिदोरी जवळ असल्यामुळे कंद मातीपाण्याशिवाय काही आठवडे, काही जातींत काही महिने, जिवंत राहतो.

एवढे कळले की सगळी निगा आपोआप कळते. कंदात पाणी आधीच भरलेले आहे, म्हणून जास्त पाणी घातले की तो सडतो. शिदोरी पाने भरतात, म्हणून फूल गेल्यावर हिरवी पाने कापायची नाहीत. आणि पाने स्वतःहून पिवळी पडली की झाड विश्रांती घेते आहे असे समजून पाणी कमी करायचे. ‘झाड मेले’ म्हणून कुंडी फेकून देणारे पुष्कळ असतात. खरे तर आत कंद जिवंत असतो.

आपल्याकडे कोणते कंद लावावेत

निशिगंध, म्हणजेच गुलछडी. मूळचा मेक्सिकोचा, पण आता पूर्ण आपला झालेला. मोठ्या सुपारीएवढा किंवा त्याहून मोठा कंद निवडावा, लहान कंदाला पहिल्या वर्षी फूल येत नाही. मार्च ते मे या काळात लावला की साधारण तीन-चार महिन्यांनी दांडा येतो, म्हणजे ऐन वर्षावासात. एकेरी पाकळीच्या जातीला वास जास्त. याला रोज पाच-सहा तास ऊन हवे. खोलीत ऊन येत नसेल तर कुंडी दारापाशी, जिन्याच्या कडेला किंवा गच्चीवर ठेवावी आणि दांडा फुलला की तेवढाच कापून घरात आणावा.

मे फ्लॉवर. पानांच्या आधी किंवा पानांबरोबर जमिनीतून दांडा निघतो आणि त्यावर चेंडूसारखे लाल फूल. उन्हाळ्याच्या अखेरीस, बुद्ध पौर्णिमेच्या आगेमागे ते फुलते. अर्धवट सावली चालते, म्हणून कमी उजेडाच्या घरांना हा चांगला. थंडीत पाने जातात, तेव्हा पाणी जवळजवळ बंद ठेवावे.

पावसाळी लिली. गवतासारखी पाने आणि पांढरी, गुलाबी किंवा पिवळी छोटी फुले. पहिला पाऊस पडून गेला की काही दिवसांत कुंडी फुलांनी भरते. लहान मुलांनी लावायला सर्वांत सोपी. आठ इंची कुंडीत सात-आठ कंद बसतात.

मोठी लाल लिली, नर्सरीत हिला अमरिलिस म्हणतात. कर्ण्यासारखी मोठी फुले, उन्हाळ्यात येणारी. सकाळचे ऊन मिळाले तर खिडकीतही फुलते.

ट्युलिप आणि हायसिंथचे सुंदर चित्र असलेली पाकिटे हल्ली विकायला असतात. ही थंड मुलखातली झाडे. फुलण्याआधी त्यांना कित्येक आठवडे कडक थंडी लागते. मुंबईच्या दमटपणात किंवा नागपूरच्या उन्हात ती पुढच्या वर्षी पुन्हा फुलत नाहीत. त्यात पैसे घालवू नयेत.

लावणी कशी करावी

महाग कुंडीची गरज नाही. तेलाचा पत्र्याचा डबा, फुटकी बादली चालते. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा डबा मात्र घरात आणूच नये. बुडाला तीन-चार भोके पाडावीत आणि त्यांवर खापरीचे तुकडे ठेवावेत. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत आणि एक भाग वाळू असे मिश्रण करावे. ताजे शेण घालू नये. त्याने कंद सडतो आणि माश्या येतात.

निशिगंध आणि पावसाळी लिली यांचे कंद दीड-दोन इंच मातीखाली लावावेत. मोठ्या लिलीची मान मातीच्या वर दिसली पाहिजे. मे फ्लॉवरचे टोक मातीच्या पातळीला ठेवावे. लावल्यावर एकदा पोटभर पाणी द्यावे आणि कोंब येईपर्यंत थांबावे. पुढे एकच परीक्षा: बोट मातीत दोन पेरे घालावे. बोटाला ओल लागली तर पाणी नाही, कोरडे लागले तर पाणी.

निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो, पण त्याच्या बाजूला पिल्ले धरतात. दोन-तीन वर्षांनी कुंडी उलटी करून पिल्ले वेगळी करावीत आणि शेजारणीला, विहाराला द्यावीत. पानांवर पांढरी पिठ्यासारखी कीड दिसली तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावी. राहत्या खोलीत विषारी औषध फवारू नये.

मातीत काम करताना हाताला जखम असेल तर ती झाकावी, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. विकतच्या कंदांवर कधी कधी बुरशीनाशकाची पूड लावलेली असते. काच किंवा गंजका पत्रा लागला तर जखम धुऊन दवाखान्यात जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

आठवड्यातून एक कोरडा दिवस

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. काळा, पायांवर पांढरे पट्टे, आणि चावतो तो दिवसा. कुंडीखालची बशी, फुलदाणी, प्रतिमेपुढचा पाण्याचा पेला, बाटलीत ठेवलेली मनीप्लांटची फांदी, एवढे पाणी त्याला पुरते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून सात दिवसांच्या आत पाणी मोडले तर डास तयारच होत नाही.

पण नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात. पुन्हा पाणी आले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून बशी आणि फुलदाणी काथ्याने घासून धुवावी. बशीत काठोकाठ वाळू भरली तर आणखी चांगले: पाणी वाळूत शिरते आणि डासाला उघडे पाणी मिळत नाही.

आपल्या वस्तीत पाणी एक दिवसाआड, कधी अवेळी येते, म्हणून पिंप भरून ठेवावे लागते. हा आपला हौसेचा प्रकार नाही, आणि रोज पुरेसे पाणी मागणे हा आपला हक्क आहे. तो मिळेपर्यंत पिंपाला घट्ट कापड बांधावे आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून घासावे. एका घराने करून उपयोग नाही, डास भिंत ओळखत नाही. रविवारच्या वंदनेनंतर सगळ्या गल्लीने अर्धा तास हे काम केले तर खरा फरक पडेल. ‘प्राणिहिंसा नको मग डासाचे काय?’ असे कोणी विचारतो. पाणी साचूच दिले नाही तर अळी जन्मतच नाही. मारण्याची वेळ येण्याआधीच कारण दूर करणे, हीच धम्माची रीत.

पावसाळ्यात अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंग मोडून येणे असे झाले तर रक्त तपासावे. दुकानातून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणून खाऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे यांपैकी काही दिसले तर ताप उतरला असला तरी ताबडतोब रुग्णालयात जावे. डेंग्यूत ताप उतरतानाच धोका वाढतो.

हा कांदा नव्हे

आपल्या घरात स्वयंपाक, झोपणे आणि सामान एकाच खोलीत. लावायला आणलेले कंद कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवले जातात, आणि चूक इथेच होते. मोठी लिली, पावसाळी लिली, मे फ्लॉवर यांच्या कंदांत विषारी द्रव्ये असतात. खाल्ले तर लाळ सुटते, मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा. शिजवल्याने विष जाईल असे धरून चालू नये. निशिगंधाचा कंदही खाण्याचा नाही.

ओळख सोपी आहे. कांदा-लसूण कापला की तिखट वास येतो, या कंदांना तो वास नसतो. पण वासावर विसंबण्यापेक्षा कंद वेगळ्या डब्यात, कागदात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरांत ‘फुलाचा कंद, खाऊ नये’ असे लिहून उंच ठेवावेत. घरातल्या आजीला आणि मुलांना तोंडीही सांगावे.

कळलावीचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखे तिचे फूल देखणे, पण तिचा कंद प्राणघातक आहे. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून तो वापरण्याची जुनी रीत होती, नावही त्यावरूनच पडले. ही रीत आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. कळलावी लहान मुलांच्या घरात लावू नये, आणि बाळंतपण रुग्णालयातच करावे.

चुकून कोणी कंद खाल्ला तर मीठपाणी पाजून उलटी करवू नये. तोंड पुसून चूळ भरायला लावावी, उरलेला कंद पिशवीत घ्यावा आणि सरकारी रुग्णालय गाठावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. कळलावीचे विष कित्येक तासांनी लक्षणे दाखवते, म्हणून ‘अजून काही झाले नाही’ म्हणत थांबू नये.

वास, दमा आणि रात्रीची भीती

रात्री झाड खोलीत ठेवले तर माणूस गुदमरतो, ही भीती खोटी आहे. एका कुंडीपेक्षा शेजारी झोपलेला माणूस कितीतरी जास्त हवा वापरतो. पण दोन कुंड्यांनी खोलीची हवा शुद्ध होते हेही खरे नाही. त्यासाठी खिडकी उघडावी आणि धूर बाहेर जाऊ द्यावा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर निशिगंधाचे फुललेले दांडे रात्री झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावेत. उग्र वासाने डोके दुखते आणि दम लागू शकतो. माती सतत ओली ठेवल्यास बुरशी धरते, तीही दम्याला वाईट. आणि माळ्यावरच्या किंवा खिडकीतल्या कुंडीला तारेने बांधावे, खाली मुले खेळत असतात.

वंदनेत फूल अर्पण करताना आपण म्हणतो की हे फूल जसे कोमेजते, तसेच हे शरीरही. शरीर अनित्य आहे हे खरे, पण म्हणून ते डेंग्यूच्या हवाली करायचे नाही. कुंडी लावा, बशी घासा, कंद कांद्यापासून वेगळा ठेवा. मग येत्या वर्षावासात प्रतिमेपुढचे फूल आपल्या दारातले असेल, आणि घरातले सगळे धडधाकट वंदनेला बसलेले असतील.

जय भीम, नमो बुद्धाय!